उजेडाचा ताळेबंद : कॅमेऱ्यातील ‘हिस्टोग्राम’ कसा वाचावा?

आषाढी वारीत ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्याचा निरोप घेऊन सासवडच्या वाटेला लागते, त्या दिवशी दिवे घाटाच्या कडेने कॅमेऱ्यांची दाटी होते. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांबरोबरच हौशी मंडळीही तेथे मोठ्या संख्येने असतात. हिरव्या-काळ्या उतारावरून वळणे घेत वर चढणारी पांढऱ्या टोप्यांची आणि भगव्या पताकांची रांग हे दृश्य वर्षातून एकदाच मिळते. एखादा हौशी छायाचित्रकार पहाटे उठून मोक्याची जागा गाठतो, शंभर-दोनशे छायाचित्रे टिपतो, कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर ती न्याहाळतो आणि समाधानाने घरी परततो.

रात्री तीच छायाचित्रे संगणकावर उघडली की चेहरा उतरतो. टोप्यांच्या जागी नुसते पांढरे ठिपके दिसतात. सदऱ्यांच्या चुण्या, धोतरांच्या निऱ्या, टोपीची घडी यांतील काहीच उरलेले नसते. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उजेड कमी करून पाहिला, तर पांढऱ्याचा राखी रंग होतो. चुण्या मात्र परत येत नाहीत. पुढची संधी थेट पुढच्या आषाढात.

या चुकीची सूचना कॅमेऱ्याने जागेवरच दिलेली असते. ती वाचली जात नाही, इतकेच. टिपलेले छायाचित्र पाहताना ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प्ले’ असे लिहिलेली कळ, काही कॅमेऱ्यांत बाणाची कळ, दाबली की डोंगररांगेसारखी एक छोटी आकृती पडद्यावर उमटते. तिलाच ‘हिस्टोग्राम’ म्हणतात. अभियंत्यांसाठी ठेवलेली काहीतरी क्लिष्ट सोय, अशा समजुतीने अनेक जण तिच्याकडे पाहतही नाहीत. वास्तविक ती वाचायला गणित लागत नाही. छायाचित्रातील कोणता तपशील कायमचा हातातून गेला आणि कोणता अजून वाचवता येईल, हे त्या आकृतीवरून दोन-तीन सेकंदांत कळते.

पडदा का फसवतो?

छायाचित्रात उजेड योग्य प्रमाणात आला की नाही, हे पडद्यावर पाहून ठरवणे स्वाभाविक वाटते. मात्र या कामी पडद्यावर विसंबता येत नाही. भर उन्हात तोच पडदा फिकट आणि काळपट दिसतो. साहजिकच छायाचित्र अंधारे आले असे वाटते, छायाचित्रकार उजेड वाढवतो आणि पुढची सगळी छायाचित्रे गरजेपेक्षा पांढरी होतात. गणेश विसर्जनाच्या रात्री नेमके उलटे घडते. आजूबाजूच्या अंधारात पडदा झगझगीत दिसतो, छायाचित्र छान उजळ आले असे वाटते आणि सकाळी पाहावे तर मिरवणुकीतले चेहरे काळोखात बुडालेले असतात.

यात दोष जसा पडद्याचा, तसाच डोळ्याचाही आहे. मानवी डोळा भोवतालच्या प्रकाशाशी सतत जुळवून घेतो. उन्हातून माजघरात गेल्यावर क्षणभर काही दिसत नाही आणि थोड्या वेळाने सारे दिसू लागते, तो याच जुळवणीचा परिणाम होय. जगताना हा गुण उपयोगाचा असला, तरी उजेड मोजण्याच्या कामी तो अडसर ठरतो. त्यातच पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय कॅमेऱ्यात असते. म्हणजे एकच छायाचित्र दोन पडद्यांवर दोन तऱ्हांचे दिसू शकते. हिस्टोग्रामवर यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही, कारण तो उजेड दाखवत नाही. तो उजेडाची मोजदाद दाखवतो.

आलेखात असते काय?

‘हिस्टोग्राम’ हा शब्द छायाचित्रणातला नव्हे, संख्याशास्त्रातला. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात तो रूढ केला. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना सांख्यिकीच्या धड्यात तो ‘आयतालेख’ या नावाने भेटतो. ठरावीक गटांत किती संख्या मोडतात, हे उभ्या स्तंभांनी दाखवणे, एवढेच त्याचे काम.

शाळेच्या मैदानावर सर्व मुलांना उंचीनुसार उभे केले आहे, अशी कल्पना करावी. सर्वांत बुटकी मुले डाव्या टोकाला, सर्वांत उंच मुले उजव्या टोकाला आणि एकसारख्या उंचीची मुले एकामागे एक. गच्चीवरून पाहणाऱ्याला कोणत्या उंचीची मुले किती, हे रांगांच्या लांबीवरून लगेच कळेल. कोणता मुलगा कोणत्या वर्गात बसतो, हे मात्र कळणार नाही.

कॅमेरा छायाचित्रातील प्रत्येक ठिपक्याची, म्हणजे पिक्सेलची, अशीच रांग लावतो. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात असे सुमारे २ कोटी ४० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला त्याच्या उजळपणानुसार ० ते २५५ यांपैकी एक क्रमांक मिळतो. ० म्हणजे निव्वळ काळा, २५५ म्हणजे निव्वळ पांढरा. आलेखाचे डावे टोक काळ्याचे, उजवे पांढऱ्याचे आणि मधला भाग राखी छटांचा. ज्या छटेचे ठिपके अधिक, तेथे आलेखाची उंची अधिक. तो ठिपका आकाशातला की सदऱ्यावरचा, हे आलेख सांगत नाही. ते छायाचित्र पाहूनच ठरवावे लागते.

येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आलेखाचा डोंगर मध्यभागी आला म्हणजे छायाचित्र उत्तम, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. घाटातल्या दाट धुक्याच्या छायाचित्रात अवघा आलेख उजवीकडच्या बाजूला गोळा होईल. दिवाळीच्या रात्री अंगणात लावलेल्या पणत्यांच्या छायाचित्रात तो डावीकडे झुकलेला असेल. दोन्ही आलेख आपापल्या ठिकाणी योग्यच आहेत. आलेखाला आदर्श आकार नसतो. पाहायची ती त्याची दोन टोके.

भरून वाहणारी घागर

आलेखाच्या डाव्या आणि उजव्या कडा म्हणजे जणू दोन भिंती. डोंगराचा उतार भिंतीपाशी पोहोचण्याआधीच जमिनीला टेकला, तर सर्व छटा कॅमेऱ्याच्या आवाक्यात आल्या असे समजावे. उतार भिंतीवर आपटून उभाच्या उभा कापला गेला असेल, तर त्या बाजूचा तपशील निसटला आहे. छायाचित्रकारांच्या बोलीत याला ‘क्लिपिंग’ म्हणतात.

ते का होते, हे समजण्यासाठी अंगणात ओळीने मांडलेल्या घागरी डोळ्यांपुढे आणाव्यात. कॅमेऱ्यातील संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, अशा कोट्यवधी सूक्ष्म घागरी असतात. शटर उघडे असते तेवढा वेळ त्यांच्यात प्रकाशाचा पाऊस पडतो आणि शटर मिटल्यावर प्रत्येकीत किती साठले ते मोजले जाते. घागर काठोकाठ भरल्यावर पडणारा पाऊस वाहून जातो, त्याची नोंद होत नाही. सदऱ्याच्या चुणीचा उन्हाकडचा भाग आणि शेजारची फिकट सावली यांत मुळात फरक असतो. तथापि, दोन्हींच्या घागरी भरून वाहिल्या की दोन्हींना एकच क्रमांक मिळतो, २५५. फरक संपला की चुणी संपली. नंतर सॉफ्टवेअरने २५५ चे २२० केले, तरी दोन्हींचे २२०च होणार. छायाचित्र राखी होते आणि चुणी परत येत नाही, ते यामुळे.

डाव्या भिंतीची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे घागरीच्या तळाशी चार थेंब पडलेले असतात. ते मोजता येतात. पण इतक्या थोड्या थेंबांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. संगणकावर अशा काळोख्या भागाचा उजेड वाढवला की तपशील काही अंशी दिसू लागतो. मात्र त्याबरोबर रंगीबेरंगी कणांची रवाळ जाळीही उमटते. तंत्रज्ञ तिला ‘नॉइज’ म्हणतात. थोडक्यात, अंधारात गेलेले काही प्रमाणात परत मिळते, पांढऱ्यात गेलेले मिळत नाही. डिजिटल छायाचित्रणातील उजेडाचे बहुतेक निर्णय या एका असमानतेवर उभे आहेत.

फिल्मच्या जमान्यात वाढलेल्या छायाचित्रकारांना हे प्रारंभी उलटे वाटले, यात नवल नाही. निगेटिव्ह फिल्मवर उजेड थोडा अधिक पडला तरी निभावत असे. अंधारात मात्र काहीच उमटत नसे. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास ‘झोन सिस्टीम’ ही पद्धत मांडली. तीत निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत ११ पायऱ्या कल्पिल्या होत्या आणि छायाचित्र टिपण्याआधीच दृश्यातील कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची, हे ठरवण्याची शिस्त होती. त्या काळी उजेड ठरवताना सावलीची काळजी वाहिली जाई. डिजिटल कॅमेऱ्यात आधी पांढऱ्याची वाहावी लागते. मात्र दृश्यातील काय कोठे बसवायचे, हा प्रश्न तेव्हाचा आणि आजचा एकच आहे. तेव्हा उत्तर बरोबर होते की नाही, हे कळण्यासाठी फिल्म धुऊन येईपर्यंत थांबावे लागे. आज ते लगेच कळते.

एकाच वारीत दोन उलट्या चुका

कॅमेरा स्वयंचलित असताना मुळात चूक होतेच कशी, असा प्रश्न येथे पडेल. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक दृश्यावरून परावर्तित होणारा उजेड मोजतो. समोर काय आहे, हे त्याला ठामपणे ठाऊक नसते. म्हणून तो ढोबळ गृहीतक वापरतो : जगातील दृश्ये सरासरीने मध्यम राखी असतात. पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा राखी पुठ्ठा छायाचित्रकार प्रमाण म्हणून वापरतात, तो याच मध्यम छटेचा. अलीकडचे कॅमेरे चेहरे आणि आकाश ओळखू लागले आहेत, तरी या गृहीतकाचा प्रभाव पूर्णपणे गेलेला नाही.

दिवे घाटातील दृश्यात चौकटीचा मोठा भाग पावसाने भिजलेला काळपट डोंगर आणि डांबरी रस्ता व्यापतो. मापकाला वाटते, उजेड कमी आहे. काळपट डोंगराला मध्यम राखी करण्यासाठी तो उजेड वाढवतो आणि चौकटीच्या जेमतेम दहाव्या भागात असलेल्या पांढऱ्या टोप्यांच्या घागरी भरून वाहतात. आलेखाचा मुख्य डोंगर मध्यभागी दिमाखात उभा असतो. उजव्या भिंतीला चिकटलेली बारीक उभी रेघ तेवढी नजरेतून सुटते. टोप्या त्या रेघेत असतात.

त्याच वारीत रिंगणाच्या वेळी उलटी चूक होते. माउलींचा अश्व धावतो, त्याभोवती पांढऱ्या सदऱ्या-धोतरांचे वर्तुळ असते. येथे अवघी चौकट पांढऱ्याने भरलेली असल्याने मापकाला उजेड फार वाटतो आणि तो कमी करतो. पांढरे कपडे मळकट राखी दिसतात, मुळात सावळे असलेले चेहरे आणखी काळे पडतात. आलेखाचा डोंगर मध्यावर येतो आणि उजवीकडचा तिसरा हिस्सा रिकामा राहतो. शुभ्र वस्त्रांनी भरलेल्या दृश्यात उजवीकडे काहीच नसणे, हीच चुकीची खूण. पावसात घोंगडी पांघरून बसलेल्या वारकऱ्याचे जवळून छायाचित्र घेताना पुन्हा पहिली चूक होते. काळी घोंगडी राखी दिसू लागते.

या तिन्ही प्रसंगी उपाय एकच. कॅमेऱ्यावर अधिक आणि उणे अशी खूण असलेली कळ किंवा चकती असते. तिला ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. तिच्यावर उणे १ केले की उजेड निम्मा होतो, अधिक १ केले की दुप्पट. दिवे घाटात उणे १ च्या आसपास, रिंगणात अधिक १ च्या आसपास ठेवून एक छायाचित्र टिपावे आणि आलेख पाहावा. पांढऱ्या वस्त्रांचा उतार उजव्या भिंतीच्या अलीकडे, पण तिच्या जवळ टेकला, की पुढची छायाचित्रे निश्चिंतपणे घ्यावीत. ढग आले-गेले की पुन्हा एकदा पाहावे.

भगव्या पताकेचा पेच

एवढी काळजी घेऊनही एक फसवणूक शिल्लक राहते. आलेखात सारे ठीक दिसते, प्रत्यक्षात उन्हात फडकणारी भगवी पताका सपाट, एकरंगी दिसते. तिच्या वळ्या, कापडाचा पोत नाहीसा झालेला असतो. गुलालाने माखलेले चेहरे, झेंडूच्या माळा आणि नवरीचा लाल शालू यांचेही असेच होते.

कारण असे, की प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन संख्यांनी बनतो. नेहमी दिसणारा एकरंगी आलेख या तिन्हींची एक भारित सरासरी काढतो. मानवी डोळा हिरव्याला सर्वाधिक प्रतिसाद देतो, म्हणून या सरासरीत हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० टक्के आणि निळ्याचा ११ टक्के धरण्याची रीत आहे. समजा, पताकेवरील एका ठिपक्यात लाल २५५, हिरवा ६० आणि निळा ३० आहे. लालची घागर भरून वाहते आहे, पण सरासरी येते जेमतेम ११५, म्हणजे आलेखाच्या मध्याच्याही अलीकडे. धोक्याची खूण कोठेच दिसत नाही.

म्हणूनच अनेक कॅमेऱ्यांत तीन रंगांचे स्वतंत्र आलेख पाहण्याची सोय असते. गडद लाल, केशरी, पिवळ्या रंगांची दृश्ये टिपताना लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीवर आपटत नाही ना, हे अवश्य पाहावे. महाराष्ट्रातील सण-समारंभांत हळद, कुंकू, गुलाल आणि झेंडू यांना तोटा नसल्याने ही सवय येथील छायाचित्रकारांच्या विशेष उपयोगाची आहे.

‘रॉ’ छायाचित्रांचे काय?

व्यावसायिक छायाचित्रकार बहुधा ‘रॉ’ स्वरूपात, म्हणजे संवेदकाने केलेली मूळ नोंद न बदलता, छायाचित्रे साठवतात. ‘जेपेग’ छायाचित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात; १२ बिटच्या ‘रॉ’मध्ये ४०९६ आणि १४ बिटच्या ‘रॉ’मध्ये १६,३८४. मात्र छायाचित्र ‘रॉ’मध्ये साठवले, तरी बहुतेक कॅमेऱ्यांच्या पडद्यावरील आलेख ‘जेपेग’ प्रतिमेवरूनच काढलेला असतो. रंग भडक आणि छटा ठसठशीत करणारी मांडणी निवडलेली असेल, तर आलेख उजव्या भिंतीला लवकर टेकतो. मूळ नोंदीत मात्र अजून थोडी जागा शिल्लक असते. आलेख खरा वाचायचा असेल, तर अशी भडक मांडणी टाळून सौम्य मांडणी ठेवावी.

‘रॉ’ वापरणाऱ्यांमध्ये ‘उजवीकडे झुकवा’ हा मंत्र २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडास्थित छायाचित्रकार मायकेल राइकमन यांनी तो लेखातून मांडला. त्यामागची कल्पना ‘फोटोशॉप’चे एक जनक थॉमस नोल यांच्याशी झालेल्या चर्चेतून आली होती. उजवी भिंत न ओलांडता आलेख शक्य तेवढा उजवीकडे न्यावा आणि नंतर संगणकावर छायाचित्र हवे तेवढे गडद करावे, असे हे सूत्र. १२ बिटच्या ४०९६ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे २०४८, सर्वांत उजळ एका टप्प्यातच खर्ची पडतात, पुढच्या टप्प्याला १०२४ मिळतात, त्यापुढच्याला ५१२. म्हणून उजवीकडची जागा वाया घालवू नये, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

सूत्र आजही उपयोगी आहे. त्याचे मुख्य कारण मात्र पायऱ्यांची संख्या नसून प्रकाशाचा स्वभाव हे आहे. प्रकाशकण पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमितपणे पडतात. सरासरी १०० कण पडणार असतील, तर त्यात सुमारे १० कणांचा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० कण पडणार असतील, तर चढउतार १०० कणांचा, म्हणजे अवघा १ टक्का. जितका प्रकाश अधिक, तितके छायाचित्र नितळ. मात्र हा लाभ शटर अधिक वेळ उघडे ठेवून किंवा भिंगाचे छिद्र मोठे करून खरोखर जास्त प्रकाश आत घेतल्यानेच मिळतो. आयएसओचा आकडा नुसता वाढवला, तर आलेख उजवीकडे सरकतो. प्रकाश मात्र तेवढाच राहतो. शिवाय धावता अश्व टिपताना शटर मंद केले, तर छायाचित्र नितळ येईल, पण अश्व धूसर होईल. अशा वेळी मंत्र बाजूला ठेवणेच शहाणपणाचे.

मोबाइलमध्ये आलेख असतोच

आता बहुतांश छायाचित्रे मोबाइलवर टिपली जातात आणि तेथे आलेख सहसा दिसत नाही. तरीही मोबाइलच्या आतील सॉफ्टवेअर उजव्या भिंतीचाच विचार करत असते. गुगलने २०१३ मध्ये ‘नेक्सस ५’ या मोबाइलमध्ये ‘एचडीआर प्लस’ हे तंत्र आणले. त्यात एका छायाचित्राऐवजी मुद्दाम कमी उजेडाची अनेक छायाचित्रे भराभर टिपली जातात, म्हणजे पांढऱ्यातला तपशील वाया जात नाही. मग ती एकमेकांवर जुळवून, सरासरीने नॉइज कमी करून, काळोखे भाग उजळ केले जातात. पांढरे आधी वाचवा, अंधाराचे नंतर पाहू, हा नियम येथे यंत्राने पाळलेला आहे.

काही मोबाइलच्या ‘प्रो’ मांडणीत आलेख दिसतो. ज्यांत नाही, त्यांच्यासाठी स्वतंत्र ॲप मिळतात. तेही नसेल, तर चौकटीतील सर्वांत उजळ महत्त्वाच्या जागी बोट टेकवावे आणि पडद्यावरील सूर्याची खूण खाली ओढून उजेड थोडा कमी करावा. आरसाविरहित, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांत तर शटर दाबण्याआधीच दृश्यदर्शकात जिवंत आलेख पाहता येतो.

हे लक्षात ठेवावे

१. महत्त्वाचा प्रसंग सुरू होण्याआधी त्याच उजेडात एक चाचणी छायाचित्र टिपून आलेख पाहावा.

२. आधी उजवी भिंत पाहावी, मग डावी. मधल्या डोंगराच्या आकाराची चिंता करू नये.

३. उजेड अती झालेला भाग लुकलुकता दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती चालू ठेवावी. आलेख ‘किती’ हे सांगतो, लुकलुकणारा भाग ‘कोठे’ हे सांगतो.

४. चौकटीत पांढरे अधिक असेल तर उजेड वाढवावा, काळे अधिक असेल तर कमी करावा.

५. लाल, केशरी, पिवळ्या रंगांसाठी तीन रंगांचे आलेख पाहावेत.

आलेख सांगत नाही ते

उजव्या भिंतीला टेकलेली प्रत्येक रेघ म्हणजे चूक नव्हे. समईची ज्योत, पाण्यावर चमकणारे ऊन, पितळी टाळांच्या कडेची लकाकी यांत जपण्यासारखा तपशील मुळातच नसतो. त्यांना वाचवण्यासाठी उजेड कमी केला, तर उरलेले छायाचित्र अंधारात जाते. त्या पांढऱ्यात काय आहे आणि ते गेले तर चालेल का, हा प्रश्न छायाचित्रकारालाच सोडवावा लागतो.

लग्नसमारंभांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. नवरा-नवरी ‘उजळ’ दिसावीत म्हणून उजेड वाढवण्याची सवय अनेक ठिकाणी रुळलेली आहे. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेची जागा आलेखात मध्याच्या आसपास किंवा किंचित डावीकडे असते आणि तिच्यात लाल रंगाचा अंश सर्वाधिक असतो. ती ओढून उजवीकडे नेली, की सर्वांत आधी लालची घागर भरते. कपाळावर आणि गालावर पिवळट, सपाट डाग उमटतात, नथीची सावली पुसट होते आणि चेहऱ्याची ठेवण हरवते. चेहरा गोरा दिसतो, पण त्या व्यक्तीचा राहत नाही. आलेखात त्वचेची योग्य जागा कोणती, हे कोणताही कॅमेरा ठरवून देत नाही.

दिवे घाटातही शेवटी असाच निर्णय करावा लागतो. डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेली वारकरी स्त्री घाटमाथ्यावर क्षणभर थांबते, तिच्या मागे ढगांनी झाकलेले पांढरेफटक आकाश असते आणि चेहरा सावलीत असतो. कॅमेऱ्याच्या एका नोंदीत दोन्ही मावत नाहीत. आकाश वाचवावे तर चेहरा काळवंडतो, चेहरा उजळावा तर आकाशाची घागर वाहू लागते. चेहरा निवडला, तर आलेख उजव्या भिंतीवर आपटणार आणि पडद्यावर आकाश लुकलुकणार. ती चूक नसेल, कारण काय गमावले जात आहे हे माहीत असून ते गमावलेले असेल. घरी परतल्यावर रात्री संगणकापुढे ते कळणे आणि ती स्त्री समोर उभी असताना कळणे, यात एका वर्षाचे अंतर आहे.